असन्निधानातील आश्रय : आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य यांचे चरित्र

परमेश्वर सन्निधानी असताना त्याला शरण जाणे जीवाला तुलनेने सुलभ असते. डोळ्यांसमोर श्रीमूर्ती असते, कानांवर निरूपण पडते, चुकले तर सांगणारा आणि रडू आले तर पुसणारा समोर बसलेला असतो. खरा प्रश्न पुढचा आहे. तो दिसेनासा झाल्यावर, ज्या ओट्यावर तो बसत असे तो ओटा रिकामा झाल्यावर, त्याच्याभोवती जमलेली माणसे एकेक करून विखुरल्यावर जीवाने कोठे जावे? महानुभाव मार्गाचा अवघा आचारधर्म या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा आहे, आणि ते उत्तर प्रथम ज्यांनी स्वतःच्या देहाने जगून दाखविले ते आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य, ज्यांना आपण भटोबास म्हणतो, ते होत.

त्यांचे चरित्र सामान्यतः संघटकाचे चरित्र म्हणून सांगितले जाते. विखुरलेला शिष्यसमुदाय त्यांनी एकत्र आणला, आचाराची घडी बसविली, ग्रंथरचनेला चालना दिली, मराठीचा आग्रह धरला. हे सर्व खरेच आहे. परंतु या कर्तृत्वाच्या मुळाशी एक अत्यंत खोल वियोगदुःख होते आणि त्या दुःखाला त्यांनी जे वळण दिले त्यातून हे कर्तृत्व उभे राहिले, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

पूर्वायुष्य आणि सर्वज्ञांची भेट

श्रीनागदेवाचार्यांचा जन्म शके ११५८ (इ.स. १२३६) च्या सुमारास झाला असे मानतात. देवगिरीच्या यादवांच्या वैभवाचा तो काळ. व्रते, दाने, देवतार्चने आणि प्रायश्चित्ते यांनी समाजाचे जीवन गच्च भरलेले होते, पण जीवाच्या सुटकेचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. तारुण्यात नागदेवांची वृत्ती उग्र होती. शस्त्र बाळगणाऱ्यांची, धाडीबरोबर हिंडणाऱ्यांची संगत त्यांना लाभली होती असे परंपरा सांगते. पुढे ज्या हातांनी झोळी धरली ते हात आधी शस्त्र धरणारे होते, ही गोष्ट परंपरेने लपवून ठेविली नाही. परमेश्वराचा वेध जीवाची पूर्वयोग्यता पाहून होत नाही, हा सिद्धांत त्यांच्या चरित्रात मूर्तिमंत झाला आहे.

त्यांच्याच कुळातील, नात्याने बहीण लागणाऱ्या महदाइसा यांचे मन आधीच परमार्थाकडे वळले होते. बालवयात आलेल्या वैधव्याने संसाराची दारे त्यांच्यासाठी बंद झालेली होती. रामदेव दादोस यांच्या निमित्ताने ही मंडळी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानी आली. नागदेव आले आणि त्यांना वेध झाला. पुढे त्यांना बोध झाला आणि त्यांनी घरदार, नाते, कुळाचा अभिमान यांचा त्याग करून अनुसरण केले. त्यांच्या उतावळ्या, चंचल स्वभावावरून सर्वज्ञ त्यांना कौतुकाने वानर म्हणत. हे लाडके नावही परंपरेने जपले आहे. ज्याला आपल्या स्वभावातील उणीव देवाच्या तोंडून प्रेमाने ऐकावयास मिळाली, त्याचे भाग्य काय वर्णावे!

सन्निधानातील ती वर्षे म्हणजे नागदेवांच्या आयुष्याचे सर्वस्व होते. सर्वज्ञांबरोबर अटन, त्यांच्या निरूपणाचे श्रवण, त्यांच्या सेवेत मिळणारा एखादा वाटा, चुकीबद्दल झालेली कानउघाडणी आणि तिच्या मागोमाग आलेली कृपादृष्टी, या सर्वांनी त्यांचा दिवस भरलेला असे. ज्या माणसाचा दिवस इतका भरलेला असतो, त्याला तो रिकामा झाल्यावर होणारी पोकळी इतरांपेक्षा फार मोठी असते.

पहिला वियोग

सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. या घटनेचे वर्ष शके ११९४ (इ.स. १२७२) आणि शके ११९६ (इ.स. १२७४) असे दोन प्रकारे सांगितले जाते. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या जनांना असन्निधानात कसे वागावे ते सविस्तर सांगून ठेविले होते. कन्नड देशी व तेलंग देशी जाऊ नये, कारण ते देश विषयबहुल आहेत. महाराष्ट्रात राहावे, पण तेथेही ओळखीपाळखीच्या, मानसन्मानाच्या ठिकाणी न राहता देशाच्या कडेला, झाडाखाली आयुष्य वेचावे. भिक्षेवर निर्वाह करावा. कोणाचा आधार धरू नये आणि परमेश्वराचे स्मरण सोडू नये. शिवाय आपल्यामागे रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत जावे अशीही त्यांची आज्ञा होती.

आज्ञा स्पष्ट होती, पण दुःखाने विकल झालेल्या मनाला आज्ञा लगेच आठवत नाही. भानखेडीचे नाव परंपरेच्या स्मरणात या वियोगाशी कायमचे जोडले गेले आहे. सर्वज्ञांच्या विरहाने भट अन्नपाण्याची शुद्ध हरपून पडून राहिले. बोलणे नाही, उठणे नाही, पुढे काय करावयाचे याचा विचार नाही. सोबतीही विखुरले होते. ज्याच्यासाठी सर्व सोडले तोच गेला, आणि जे सोडले होते तिकडे परत जावयाची वाट उरली नव्हती. संसारी माणसाला एक आप्त गेला तर दुसरे आप्त धीर देतात. या अनुसरलेल्या पुरुषाला दुसरा आप्त नव्हताच. मानवी एकटेपणाचे याहून पूर्ण रूप कल्पिता येणार नाही.

येथे साधकाने थोडे थांबावे. आद्याचार्यांच्या चरित्रातील हा प्रसंग त्यांच्या थोरवीला उणेपणा आणणारा आहे असे वाटून काही वाचक तो घाईने ओलांडतात. ज्ञानी पुरुषाने असे कोसळून पडावे काय, असा प्रश्न मनात येतो. परंतु परमेश्वराच्या वियोगाचे दुःख आणि प्रपंचातील वस्तूच्या वियोगाचे दुःख ही दोन्ही एकाच जातीची नव्हेत. प्रपंचातील वस्तू गेली म्हणून होणारे दुःख जीवाला त्या वस्तूकडे आणि तिच्यासारख्या दुसऱ्या वस्तूकडे ओढून नेते. परमेश्वराच्या वियोगाचे दुःख जीवाला परमेश्वराकडेच नेते. म्हणून मार्गात हे दुःख दोष मानलेले नाही. उलट ते ज्याला होत नाही त्याच्या अनुसरणाविषयीच शंका घ्यावी लागेल.

तरी या दुःखालाही एक धोका असतो, आणि भानखेडीत भटोबास त्या धोक्याच्या अगदी काठावर होते. देवाच्या मागे देह टाकून द्यावा, असे वाटणे वरवर पाहता प्रेमाची पराकाष्ठा भासते. परंतु देह टाकला तर सांगितलेला आचार कोणी करावयाचा? दिलेली आज्ञा कोणी पाळावयाची? आज्ञा मोडून केलेला देहत्याग हा शेवटी स्वतःच्या दुःखाला दिलेला मान ठरतो, देवाला दिलेला नव्हे. जगणे की न जगणे, असा त्या प्रसंगाचा पेच नव्हता. आपले दुःख मोठे की त्याचा शब्द मोठा, एवढाच तो पेच होता. भटोबास उठले. सोबत्यांसह ते रिद्धपुराच्या वाटेला लागले. त्यांचे दुःख सरले म्हणून ते उठले असे नाही, कारण ते दुःख आयुष्यभर सरलेच नाही. ते उठले ते आज्ञेसाठी. असन्निधानात शरण जाणे म्हणजे काय, याचा पहिला धडा त्या उठण्यात आहे. देव दिसत नसला तरी त्याचा शब्द सन्निध असतो, आणि त्या शब्दाप्रमाणे टाकलेले पाऊल हाच त्याचा आश्रय असतो.

रिद्धपुरातील सेवा

आजच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात असलेले रिद्धपूर त्या काळी श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने धन्य झाले होते. भडोचहून निघालेल्या हरिपाळदेवांना, म्हणजेच आपल्या सर्वज्ञांना, याच ठिकाणी श्रीप्रभूंपासून ज्ञानशक्तीचा स्वीकार घडला होता. म्हणून भटोबासांचे रिद्धपुरी जाणे म्हणजे स्वामींच्या स्वामींकडे जाणे होते.

परंतु श्रीप्रभूंची सेवा ही सर्वज्ञांच्या सेवेसारखी नव्हती. सर्वज्ञ निरूपण करीत, शंका फेडीत, दृष्टांत देऊन सांगत. श्रीप्रभूंची लीला वेगळी. ते लहान मुलाप्रमाणे वागत, हट्ट करीत, रुसत, हसत, वाटेल तेथे जात. अज्ञ लोक त्यांना वेडे समजत आणि जाणते लोक त्यांना मायबाप मानीत. ज्याला निरूपणाची सवय लागली होती त्या नागदेवांना येथे शब्दांचा आधार फारसा नव्हता. त्यांना सेवाच करावयाची होती. भिक्षा आणावी, आरोगणेची सिद्धता करावी, श्रीप्रभूंची इच्छा ओळखावी, त्यांच्या मागे मागे राहावे आणि त्यातच आपले कृतार्थपण मानावे.

दुःखात बुडालेल्या मनाला तत्त्वविचारापेक्षा हाताला लागलेली सेवा अधिक सावरते, हा अनुभव त्या सर्वांनी रिद्धपुरी घेतला. श्रीप्रभूंना विवाहाच्या खेळाची इच्छा झाली तेव्हा महदाइसा यांनी धवळे गाइले, आणि मराठीच्या आरंभकाळातील एक अपूर्व काव्य जन्मास आले. रुक्मिणीच्या श्रीकृष्णप्राप्तीची ती कथा लहानपणीच वैधव्य आलेल्या एका स्त्रीच्या मुखातून, स्वामींच्या वियोगाच्या काळात, श्रीप्रभूंच्या आनंदासाठी बाहेर पडली. जिला जगाने मंगलकार्यातून वगळले होते तिच्या तोंडी ईश्वराच्या विवाहाचे मंगलगान यावे, यापेक्षा शरणागतीचे फळ दुसरे कोणते दाखवावे?

म्हाइंभट आणि लीळांचे स्मरण

रिद्धपुरातीलच दुसरी गोष्ट अवघ्या मराठी वाङ्मयाला उपकारक ठरली. भटोबास सेवेतून मोकळे झाले की एकांती बसून सर्वज्ञांच्या लीळा आठवीत. कोणत्या गावी, कोणत्या आवारात, कोणत्या वेळी, कोण समोर असताना स्वामी काय बोलले, कसे बसले, कोणाला काय दिले, हे सर्व ते मनात पुन्हा पुन्हा पाहत. म्हाइंभट हे मूळचे मोठे विद्वान आणि विद्येचा अभिमान बाळगणारे. तो अभिमान सर्वज्ञांपाशी गळून पडला होता. भटोबासांचे हे अखंड स्मरण त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांच्या मनात एक भीती उभी राहिली. ज्यांनी हे सर्व पाहिले ती माणसे हळूहळू जातील. मग पुढे येणाऱ्याला आठवावयास काय उरेल?

त्यांनी भटोबासांना विनंती केली, आणि रिद्धपुरी वाजेश्वरीच्या स्थानी लीळा सांगण्याचे व लिहून घेण्याचे काम सुरू झाले. म्हाइंभटांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. जो जो सन्निधानी होता त्याला त्याला गाठून त्यांनी प्रत्येक लीळा पडताळून पाहिली, जेथे सांगणाऱ्यांच्या आठवणीत भेद पडला तेथे तो भेद नोंदविला, आणि भटोबासांच्या संमतीने लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे केशिराजबासांनी त्यातूनच स्वामींची वचने निवडून सूत्रपाठाची मांडणी केली आणि दृष्टांतपाठही सिद्ध केला.

मराठी गद्याचा हा आद्य चरित्रग्रंथ कोणत्याही राजाच्या आज्ञेने किंवा विद्वत्तेच्या हौसेने निर्माण झाला नाही. तो वियोगातून निर्माण झाला, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मूर्ती दिसेनाशी झाली तेव्हा आठवणींचा कण न् कण वेचणे हेच दर्शनाचे साधन झाले. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण ही मार्गाची नित्यसाधना आहे. ती आज आपल्याला नियम म्हणून सांगितली जाते. भटोबासांच्या ठिकाणी ती नियम नव्हती, ती तहान होती. त्या तहानेचा पुढे नियम झाला, एवढेच.

या स्मरणाचे सामर्थ्य पुढच्याच पिढीत कसोटीस लागले. इसवी सनाच्या चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडील फौजांच्या धामधुमीत ग्रंथांच्या मूळ प्रती नष्ट झाल्या असे परंपरा सांगते. पोथ्या गेल्या, परंतु स्मरण गेले नव्हते. हिराइसा यांच्यासारख्या स्मरणशील व्यक्तींच्या मुखातून लीळाचरित्राचे पाठ पुन्हा उभे राहिले. भटोबासांनी जे शिकविले ते किती खोल रुजले होते याची ही साक्ष होय.

दुसरा वियोग

सुमारे चौदा वर्षे श्रीप्रभूंच्या सेवेत गेली. शके १२०८–०९ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही लीळा संपविली. पहिल्या वियोगाच्या वेळी निदान पुढे जावयास एक ठिकाण होते, एक श्रीमूर्ती होती. आता पृथ्वीवर असे कोणतेही ठिकाण उरले नाही, जेथे जाऊन परमेश्वरावताराचे दर्शन घ्यावे. पूर्ण असन्निधान खऱ्या अर्थाने येथून सुरू झाले.

या वेळी भटोबासांवर आणखी एक भार आला. आतापर्यंत ते इतरांसारखेच एक सेवक होते. आता सर्वांच्या दृष्टी त्यांच्याकडे वळल्या. म्हाइंभट, लक्ष्मींद्रभट, महदाइसा यांच्यासारखे तोलामोलाचे सहसाधक त्यांना आचार्यस्थानी मानू लागले. ज्याचे स्वतःचे सांत्वन कोणी करू शकत नव्हते, त्याने सर्वांचे सांत्वन करावयाचे होते. रिद्धपूर सोडून ते पुढे निंबा येथे आले आणि मार्गाचे मध्यवर्ती ठिकाण तेथे झाले. त्यांच्या नंतरच्या वर्षांतील आठवणी स्मृतिस्थळ या ग्रंथात संग्रहित झाल्या आहेत. परमेश्वर डोळ्यांसमोर नसलेल्या माणसांनी परमेश्वराचे होऊन कसे जगावे, याचे तो ग्रंथ म्हणजे एक चालते बोलते चित्र आहे.

एकटेपण आणि विजन

भटोबासांनी शिष्यांना जो दिनक्रम घालून दिला त्यात विजनाला फार मोठे स्थान आहे. भिक्षुकाने दिवसाचा वेळ गावाबाहेर, एकांती, झाडाखाली स्मरणात घालवावा. योग्य वेळी भिक्षा मागावी, रस न पाहता ती सेवन करावी आणि संध्याकाळी वस्तीस यावे. एकाच गावी रुळू नये. जेथे आपल्याला ओळखतात, मान देतात, आग्रहाने वाढतात, तेथून निघावे. हा आचार पाहून एखाद्याला वाटेल की ज्यांना वियोगाने आधीच एकटे केले, त्यांना आणखी एकटे करण्यात काय हेतू असावा?

हेतू असा की एकटेपण आणि विजन यांत मोठे अंतर आहे. एकटेपणात जीव गेलेल्या माणसांची वाट पाहतो. विजनात तो परमेश्वराची वाट पाहतो. एकटेपणात रिकामा वेळ जीवाला खातो, विजनात तोच वेळ स्मरणाने भरतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हींत एक झाड असते आणि त्याखाली बसलेला एक माणूस असतो. ज्याच्यावर एकटेपण लादले गेले आहे त्याने त्यापासून पळून माणसांच्या गर्दीत शिरावे, असे भटोबासांनी सांगितले नाही. त्यांनी त्या एकटेपणालाच विजनाचे रूप देण्यास शिकविले. भानखेडीत जे त्यांच्यावर कोसळले होते, तेच त्यांनी पुढे व्रत म्हणून स्वीकारले आणि शिष्यांच्या हाती साधन म्हणून दिले.

परंतु त्यांनी कोणालाही निराधार सोडले नाही. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक हे असन्निधानातील आधार होत. परमेश्वरावताराच्या चरणस्पर्शाने पावन झालेले स्थान नमस्करावे. त्याच्या संबंधाची वस्तू प्रसाद म्हणून मस्तकी लावावी. त्याच्यासाठी सर्व सोडलेल्या भिक्षुकाची सेवा करावी. त्याच्याविषयी ज्याच्या मनात वासना आहे अशा गृहस्थाशीही धर्मबंधुत्वाने वागावे. म्हणजे विजनात परमेश्वराशी संबंध, आणि वस्तीत परमेश्वराच्या संबंधाने माणसांशी संबंध, अशी ही रचना आहे. गृहस्थ वासनिकाने हे विशेष ध्यानात घ्यावे. घरातील माणूस गेल्यावर ज्याचे मन कशातच लागत नाही, त्याला संपूर्ण विजन साधणार नाही. परंतु स्थानवंदनासाठी उठून चालू लागणे, भिक्षुकाच्या झोळीत चार घास घालणे, धर्मबंधूच्या दारी जाऊन बसणे एवढे त्याच्याने होते. हे चारही आधार जीवाला घराच्या कोपऱ्यातून बाहेर काढतात आणि तरीही प्रपंचात नेऊन टाकीत नाहीत.

दुःखाच्या वेळी जीव ज्या दुसऱ्या दाराकडे धावतो त्याविषयीही आचार्यांची भूमिका निःसंदिग्ध होती. मूल आजारी पडले, माणूस गेले, की नवस, कौल, उतारे यांच्या मागे लागणे तेव्हाही चाले आणि आजही चालते. एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा देवतांपैकी कोणतीही देवता आपल्या मर्यादेपलीकडचे फळ देऊ शकत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत सोडविणारा तो एकच. भयाने कासावीस झालेल्या मनाची अनन्यता अशाच वेळी पारखली जाते. सुखात अनन्य असणे ही काही परीक्षा नव्हे.

म्हाताऱ्यांची भाषा

आचार्यांचा मराठीचा आग्रह सर्वपरिचित आहे. केशिराजबास आणि पंडित दामोदर हे संस्कृताचे जाणते. त्यांनी संस्कृतातून शंका विचारल्या तेव्हा आचार्यांनी त्यांना मराठीतून विचारावयास सांगितले, कारण स्वामींनी त्यांना धर्म दाखविला तो याच भाषेत. संस्कृतात ग्रंथ रचण्याचा विचार निघाला तेव्हाही त्यांनी तो थांबविला, कारण तसे झाले असते तर आपल्या म्हाताऱ्या धर्मापासून वंचित झाल्या असत्या.

या म्हाताऱ्या कोण होत्या याचा विचार करावा. मार्गात आलेल्या स्त्रियांपैकी कित्येक विधवा होत्या, कित्येकींना कुळाने टाकले होते. त्यांचे नवरे गेले, मुले गेली, समाजातील स्थान गेले. त्यांच्यापाशी जे उरले ते म्हणजे स्वामींचे बोललेले शब्द आणि ते कळण्यापुरती मातृभाषा. तेवढाही आधार काढून घेतला असता तर त्यांनी कोठे जावे? आचार्यांच्या भाषाविषयक निर्णयात पांडित्याचा किंवा प्रदेशाच्या अभिमानाचा भाग नव्हता. ज्याने स्वतः सर्वस्व हरविल्याचा अनुभव घेतला होता, त्याला सर्वस्व हरविलेल्या माणसाची गरज बरोबर कळली होती. देवाचा शब्द हाच वियोगातील आश्रय असेल, तर तो शब्द सर्वांत दुबळ्या श्रोत्यालाही कळला पाहिजे.

याच काळात कवी नरेंद्र यादव राजा रामदेवरायाच्या सभेतून मार्गाकडे आले. त्यांच्या रुक्मिणीस्वयंवर काव्यावर आपल्या नावाची मुद्रा यावी अशी राजाची इच्छा होती. नरेंद्रांनी ती मानली नाही आणि राजाश्रय सोडून ते आचार्यांच्या सन्निध आले. त्या राजाश्रयाचे मोल काळाने लवकरच दाखविले. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि ज्या सिंहासनाच्या छायेत लोक स्वतःला निर्भय समजत होते ते सिंहासनच करभार देऊ लागले. झाडाखाली बसणाऱ्यांचे या उलथापालथीत हिरावून घेण्याजोगे काही नव्हते.

महदाइसांचा वियोग आणि शेवट

आचार्यांच्या उत्तरायुष्यात वियोगांची मालिका थांबली नाही. स्वामींना ज्यांनी पाहिले होते ती माणसे वयाने थकली आणि एकेक करून गेली. महदाइसाही त्यांच्या देखत गेल्या. ही बहीण नुसती नात्याची नव्हती. स्वामींपाशी सर्वांत अधिक प्रश्न विचारणारी, श्रीप्रभूंची सेवा करणारी, धर्माची राखण करणारी ती जाणती स्त्री होती. आचार्यांच्या आयुष्यातील दोन्ही मोठे वियोग तिने त्यांच्याबरोबर सोसले होते. एखाद्या आठवणीत शंका आली तर जिला विचारावे, असे माणूस गेले म्हणजे आठवणीचीच एक बाजू अंधारात जाते. तिचा गौरव करताना आचार्यांनी तिच्या धर्मनिष्ठेचाच गौरव केला. नात्याचे दुःख त्यांनी नाकारले नाही, पण त्या दुःखालाही त्यांनी परमेश्वराच्या संबंधातच ठेविले. ती माझी होती यापेक्षा ती त्याची होती, हा भाव त्यात मुख्य होता.

आपल्या माणसाच्या मृत्यूनंतर शोक करणाऱ्या गृहस्थाला येथे एक मोठा दिलासा आहे. शोक करू नये असे आचार्य सांगत नाहीत. गेलेल्या माणसाला आपल्या मालकीचे मानून केलेला शोक जीवाला बांधतो. त्याच माणसाला परमेश्वराच्या वाटेवरील सोबती मानून केलेले स्मरण जीवाला त्या वाटेवर पुढे नेते. अश्रू तेच असतात, त्यांची दिशा निराळी असते.

शके १२२४ (इ.स. १३०२) च्या सुमारास श्रीनागदेवाचार्यांनी देह ठेविला असे मानतात. त्यांच्या पश्चात बाइदेवबास आणि त्यानंतर कवीश्वर भास्करभट बोरीकर यांनी आचार्यपद सांभाळले. सर्वज्ञ गेले तेव्हा भानखेडीत कोसळलेला एक माणूस होता. तो माणूस गेला तेव्हा मागे भिक्षुकांचा आणि वासनिकांचा समुदाय होता, ग्रंथ होते, आचार होता आणि स्मरणाची अखंड परंपरा होती. जाताना त्याने आपल्यामागे कोणालाही निराधार ठेविले नाही.

चरित्राचे सार

आद्याचार्यांना परमेश्वर पुन्हा दिसला नाही. त्यांच्या चरित्रातील ही सर्वांत कठीण गोष्ट आहे आणि सर्वांत उपयोगाचीही आहे. त्यांचे दुःख एखाद्या चमत्काराने दूर झाले असते, तर त्यांचे चरित्र आपल्या उपयोगाचे राहिले नसते, कारण आपल्यापैकी प्रत्येकाचा जन्मच असन्निधानात झाला आहे. सन्निधानाचा एक दिवसही न पाहिलेल्या भिक्षुकाला आणि वासनिकाला भटोबासांनी सांगून ठेविले आहे की दर्शनावाचूनही त्याचे होऊन राहता येते. त्याची आज्ञा पाळावी, त्याच्या लीळा आठवाव्या, त्याच्या स्थानांना नमस्कार करावा, त्याच्या माणसांची सेवा करावी, आणि दुसऱ्या कोणाच्याही दारी जाऊ नये. एवढे करीत असताना डोळ्यांत पाणी आले तर ते लाजेचे नव्हे. पहिल्या आचार्याच्या डोळ्यांतही ते शेवटपर्यंत होते.

रिद्धपुरी वाजेश्वरीच्या स्थानी मस्तक टेकताना साधकाने हे आठवावे. तेथे एक वियोगी पुरुष बसून आपल्या स्वामींची एकेक लीळा आठवून सांगत होता आणि दुसरा वियोगी पुरुष ती लिहून घेत होता. दोघांनाही दर्शन हवे होते, ते मिळणार नव्हते, आणि तरीही दोघेही त्याच्याच आश्रयाला बसले होते. त्या आश्रयाची जागा आजही रिकामी नाही. ज्याचे सर्व गेले आहे त्याने तेथे येऊन बसावे.

दंडवत प्रणाम.